मदत हवी आहे: लुगडं आखूड कसं करायचं?

आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा, पट 22. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. बाईंनी काल पालकांना कळवलं: सकाळी प्रभातफेरी, मग भाषणं, दुपारी बाल आनंद मेळावा. माझी दुसरीतली लेक सावित्रीबाई होणार आहे (निवड चिठ्ठ्या टाकून झाली!). तालुक्याला शिवलेली नऊवारी भाड्याने मिळते, पण ती लावणीची, जरीची, चकचकीत. सावित्रीबाईंना ती कशी चालेल? आजीचं सुती लुगडं नेसवून पाहिलं, तर निऱ्या पायात येऊन पोरगी दोन पावलांतच अडखळली. न कापता ते आखूड कसं करायचं? शिवाय मेळाव्यातली भेळ आमच्याकडे आलीय. 60 जणांना चुरमुरे किती किलो आणू?