ब्रिस्टलला जाण्याआधी
इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या वन्यजीव चित्रपट अभ्यासक्रमाला जाण्याआधी कोणता कॅमेरा घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, कॅमेऱ्याचे पैसे राखा आणि दणकट ट्रायपॉड, चांगलं फ्लुइड हेड (ट्रायपॉडवर कॅमेरा झटका न बसता फिरवणारा भाग) घ्या. लांब लेन्सवर हात जरा हलला तरी चित्र थरथरतं.

आणि आतापासून महिनाभर एकाच प्राण्यामागे राहा. अंगणातली खारसुद्धा चालेल. ती कुठून आली, काय उचललं, मांजर दिसताच काय केलं, हे लांबून, जवळून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवरून टिपा. तरच संकलनात गोष्ट जुळते. परिसराचा आवाज वेगळा नोंदवा, तो हमखास राहून जातो! ब्रिस्टलच्या गल्ल्यांतून रात्री तांबडी खोकडं फिरतात. रात्रीच्या त्या अंधुक उजेडात चित्रण करण्याचा सराव इथल्या मोकाट कुत्र्यांवर करता येईल.