मदत हवी आहे: कराटेवाल्याने ज्युदो शिकावं का? सारखा पडतोय

भटका_ठाणेकर
मंडळी, थेट मुद्द्यावर येतो, उद्या परत क्लास आहे. तोक्योला आल्यावर घराजवळच्या क्रीडा केंद्रात ज्युदो सुरू केलं. सहा आठवडे झाले. आधी कराटे आठ वर्षं केलंय, म्हणजे अगदीच नवखा नाही. तरी रांदोरीत (मोकळ्या सराव-झुंजीत) जो येतो तो मला पाडून जातो. मंगळवारी एका शाळकरी पोराने, नववीतलं असेल, सलग चारदा पाडलं. चारही वेळा तोच पाय! मनगटही सुजलंय. कराटेमुळे ज्युदो बिघडतं का? की हे सोडून आयकिदो धरू? सगळं जपानीच ना, मग एवढा फरक कसा? जाणकारांनी लवकर सांगा.

नाक_खुपसे
कुठलं कराटे? वय काय? सहा आठवड्यांत रांदोरीला उभं कोणी केलं तुम्हाला? आणि मनगट डॉक्टरांना दाखवलंत का?

भटका_ठाणेकर
कराटे म्हणजे कराटे हो. वय ४१. मनगट हलतंय, ठीक आहे. मूळ प्रश्नाचं सांगा ना.

हळवी_सकाळ
आयकिदोच धरा, डोळे मिटून. मी पाच वर्षं करतेय, एकदाही मनगट सुजलं नाही. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी १९३० साली आयकिदोचे जनक उएशिबांचं प्रात्यक्षिक पाहिलं आणि मोचिझुकींसारखे आपले शिष्य त्यांच्याकडे शिकायला पाठवले. यातच काय ते आलं.

सायतामाकर
ताई, शिष्य 'शिकून या' म्हणून पाठवले होते, 'ज्युदो सोडा' म्हणून नाही.

धागाकर्ते, तुम्ही शोतोकान शैलीच्या कराटेवाले दिसता. झेनकुत्सु-दाची आठवा: लांब पवित्रा, पुढचा गुडघा वाकलेला, निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायावर. ठोसा मारायला उत्तम. ज्युदोत मात्र हा पाय ताटात वाढून दिल्यासारखा आहे. दे-आशी-बाराई म्हणजे पुढे येणाऱ्या पायावर वजन पडतं न पडतं तोच तो झाडून काढायचा. तुमचा 'तोच पाय' तो हाच. शिझेन्ताईत, म्हणजे सहज सरळ उभे राहा, पाय खांद्यांइतके लांब, आणि पावलं तातामीवरून (चटईवरून) घासत टाका.

दुसरं, सेन्सेई (गुरुजी) 'हिकिते!' ओरडतात तेव्हा तुम्ही काय करता?

भटका_ठाणेकर
शोतोकानच. कसं ओळखलंत? हिकिते म्हटलं की मूठ कमरेशी ओढतो, दुसरं काय करणार? आठ वर्षं तेच केलंय.

सायतामाकर
वाटलंच! शब्द एकच, पण ज्युदोत हिकिते म्हणजे समोरच्याची बाही धरून ओढणारा हात. कॉलर धरतो तो त्सुरिते. तुम्ही बाही सोडून रिकामी मूठ स्वतःच्या बरगडीशी नेताय. माझंही सुरुवातीला हेच व्हायचं, सेन्सेईंनी माझी बोटं एकेक करून समोरच्याच्या बाहीत रोवली होती. गंमत म्हणजे त्यानंतर कराटेचा काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) करताना त्या मागे येणाऱ्या मुठीत मला कुणाची तरी बाही दिसायला लागली. त्यामुळे कराटे सोडू नका. फक्त एकाची सवय दुसऱ्याच्या दारात चपलेसारखी काढून ठेवा.

शंकासुर
सहमत. मिश्रण काही आजचं नाही. ओत्सुका हिरोनोरींनी शिंदो योशिन-र्यू जुजुत्सू आणि फुनाकोशींकडचं कराटे एकत्र करून वादो-र्यू ही कराटेची शैली उभी केली. धागाकर्त्यांनी वादो घ्यावं.

नाक_खुपसे
त्यांनी वादोबद्दल विचारलंय कुठे?

तांबडा_पांढरा
कशाला एवढी जपानी नावं पाठ करता राव. सेओइ-नागे म्हणजे आपला धोबीपछाडच की. सहा महिने तालमीत घाला, ज्युदोवाले घाबरतील. १९५२ ला हेलसिंकीत आमच्या कोल्हापूरच्या खाशाबांनी कांस्य आणलं ते काय ज्युदो शिकून?

शंकासुर
खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. कोल्हापुरात शिकायला होते. आणि त्याच गटातलं सुवर्ण घेतलं जपानच्या इशी शोहाचींनी, जे आधी ज्युदोच खेळायचे!

तांबडा_पांढरा
शिकले कुठे ते महत्त्वाचं. तालीम कोल्हापूरचीच.

केंदोका_नागपूर
डाव्या पायाची टाच कागद सरकेल इतकी उचलून ठेवा. शिनाय (केंदोची बांबूची तलवार) डाव्या हाताने पेलून धरा, उजवा हात फक्त दिशेला. तेल लावायला विसरू नका.

नाक_खुपसे
तेल कोणाला लावायचं?

केंदोका_नागपूर
शिनायच्या बांबूला. सुकला की सालपटं निघतात, डोळ्यात जाऊ शकतात.

हळवी_सकाळ
विषयावर येऊ या. मनगट सुजतं कारण यांना पडता येत नाही. आयकिदोत आम्ही लोळण घेऊन परत उभे राहतो. आधी ते शिका.

सायतामाकर
निम्मं पटलं. लोळण जमते कारण तुम्ही फेकीबरोबर जाता. पाय झाडल्यावर माणूस कुशीवर धपकन पडतो, लोळायला वेळच नसतो. तिथे हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर आणि हात तळव्यापासून खांद्यापर्यंत एकदम चटईवर आपटायचा. तळवा टेकून सावरायला गेलात की गेलं मनगट. ठाणेकर, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. तुम्हाला शिकवलं नाही?

भटका_ठाणेकर
नवशिक्यांचा वेगळा कोपरा असतो, तिकडे शिकवतात बहुतेक. मला तिकडे पाठवलं नाही.

नाक_खुपसे
का नाही पाठवलं?

भटका_ठाणेकर
माहीत नाही. पहिल्या दिवशी सेन्सेईंनी काहीतरी विचारलं, त्यात 'दान' (म्हणजे दर्जा) एवढंच कळलं. मी 'शोदान' (पहिला दर्जा) म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मोठ्यांच्या रांगेत उभं केलं. ज्युदोचा जाड गी (पोशाख) केंद्रातला घेतला होता, पट्टा माझाच बांधला.

नाक_खुपसे
कुठला पट्टा?

भटका_ठाणेकर
काळा. कराटेत मी ब्लॅक बेल्ट आहे, सांगितलं ना.

नाक_खुपसे
नाही सांगितलंत.

सायतामाकर
दंडवत घ्या. अहो, सहा आठवडे तिथले सगळे तुम्हाला ज्युदोचा शोदान समजतायत! ते पोरगं बिचारं मनापासून, मान ठेवून तुमच्याशी खेळत होतं. पट्ट्यांची पद्धत कराटेत आली ती ज्युदोतूनच, म्हणून दिसायला सारखा. उद्या पांढरा बांधा, सेन्सेईंना सांगा, 'कराते वा शोदान, ज्यूदो वा शोशिन्शा देसु.' शोशिन्शा म्हणजे नवशिका. आणि सूज उतरेपर्यंत रांदोरी नको.

हळवी_सकाळ
आयकिदोतही पांढऱ्यापासूनच सुरुवात असते, सांगून ठेवते.

भटका_ठाणेकर
जाऊन आलो. सेन्सेई आधी गप्प, मग इतके हसले की भिंतीला टेकले. आता कोपऱ्यात दुसरीतल्या दोन मुलींबरोबर उकेमी (पडण्याचा सराव), त्या माझी हनुवटी मोजतात. मनगटाचा एक्स-रे काढला, हाड ठीक. एकच राहिलं: केंद्रातला पांढरा पट्टा माझ्या पोटाला दोन वेढे घेऊन गाठीला पुरत नाही. कुठलं माप मागू?

नाक_खुपसे
कंबर किती?