भाषेची अट काढली, भाषा काढू नका
या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय की उत्तम भाषांतरं असताना ग्रीक-लॅटिन शिकायची गरज उरली नाही, आणि दाखला अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा दिलाय. प्रिन्स्टनने २०२१ मध्ये क्लासिक्सच्या (प्राचीन ग्रीक-रोमन संस्कृतीच्या अभ्यासाच्या) पदवीसाठीची ग्रीक किंवा लॅटिन भाषेची अट काढली, हे खरं. शाळेत लॅटिन न मिळालेल्या मुलांना त्यामुळे दार उघडलं, ते मला मनापासून पटतं. पुढचा निष्कर्ष मात्र पटत नाही.

इटलीतल्या हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन गावात सापडलेल्या ग्रंथांच्या गुंडाळ्याच बघा. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात कोळसा झालेले हे पपायरस (पाणवनस्पतीपासून केलेला जुना कागद) उलगडायला गेलं की भुगा होतो. आता क्ष-किरणांनी स्कॅन करून आणि संगणकाला शाईच्या खुणा ओळखायला शिकवून तीन विद्यार्थ्यांनी एक गुंडाळी न उलगडताच आतली दोन हजारांहून जास्त अक्षरं दाखवली. २०२४च्या फेब्रुवारीत ते जाहीर झालं. पण ती नुसती अक्षरं! शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, मध्येमध्ये भोकं पडलेली. ती जुळवून, हा सुखाविषयीचा, एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या पंथातला मजकूर दिसतो हे सांगितलं ग्रीक येणाऱ्या अभ्यासकांनीच. याचं भाषांतर आधी कुठे होतं? अशा शेकडो गुंडाळ्या अजून बंद आहेत.

अट नसू दे. पण ग्रीक शिकवणाऱ्याचं पद रिकामं झालं की ते भरलंच पाहिजे.