मदत हवी आहे: बिहारहून आलेल्या कर्णबधिर मुलीला इथल्या मुलांत कसं सामावून घ्यावं?

नमस्कार मंडळी. मी वाळूज एमआयडीसीलगत रांजणगाव शेणपुंजीत राहते, घरी शिकवण्या घेते. आमच्या मागच्या खोल्यांत बिहारहून आलेलं एक कुटुंब राहतं. वडील कंपनीत कंत्राटी कामाला, आई घरीच असते. थोरली मुलगी नऊ वर्षांची, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, कानाला यंत्र कधी लागलेलं नाही. आईशी खाणाखुणांनी बोलते, पण त्या खुणा मायलेकींपुरत्याच.

मुलगी फार चलाख आहे. लगोरीत समोरचा चेंडू कुठं मारणार हे त्याच्या खांद्यावरून ओळखते, त्यामुळं लगोरीला तिला आधी मागून घेतात. घोडं अडतं ते हाकेवर चालणाऱ्या खेळांत. परवा लपाछपीत ती पाण्याच्या ड्रमामागं लपली. डाव मोडला, पोरं "चला रे घरी" ओरडत पांगली, आणि ही अंधार पडला तरी तिथंच दबा धरून बसलेली. आपल्याला कुणी शोधलं नाही म्हणून खुशीत होती. माझ्या पोटात कालवलं.

पोरं वाईट नाहीत. पण कुणी "मुकी" म्हणतं, कुणी "बिहारी", आणि नावानं हाक मारणारं एकही नाही. गणपतीच्या नाचात तिला घ्या म्हटलं, तर मोठ्या माणसांकडूनच उत्तर आलं, "तिला गाणं कुठं ऐकू येणार?" आईलाही बायका हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. तिला मराठी येत नाही, म्हणून तीही पुढं होत नाही.

शाळेत विचारलं तर टीसी मागतात. अपंगत्वाच्या दाखल्याला गेलो, तर आधारवर पत्ता बिहारचा, तिकडूनच काढा म्हणाले. ही धावपळ मी करीन. खरी विचारणा वेगळी आहे: तिला गल्लीजवळच्या शाळेत घालावं की कर्णबधिरांच्या निवासी शाळेत? तिथं शिकेल, पण गल्लीतली उरलीसुरली सोबत तुटेल, ही भीती वाटते. कुणी या वाटेनं गेलं असेल तर सांगा.

प्रतिसाद (जालन्याहून, कर्णबधिर मुलाची आई):
ताई, आधी एक दिलासा. भारतीय सांकेतिक भाषा बिहारची वेगळी, मराठवाड्याची वेगळी अशी नाही. थोड्या खुणा इकडंतिकडं होतात, तेवढंच. ती शिकली की इथल्या कर्णबधिर मुलांशी तिला मराठीवाचून बोलता येईल. आमच्या मुलाला पहिला जिवलग मित्र कर्णबधिरांच्या शाळेतच मिळाला. तोवर तो चारचौघांत असूनही एकटाच असायचा. म्हणून मी म्हणेन, कर्णबधिरांची शाळा बघा, जमल्यास रोज घरी येता येईल अशी. आणि गल्लीतल्या पोरांना खुणा शिकवा, मोठ्यांच्या आधी शिकतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं 10,000 शब्दांचा कोश केला आहे, त्याचे व्हिडिओ फुकट बघता येतात. नाचात तिला ढोलाजवळ उभी करा, ठेका अंगात उतरतो. समोर एक मुलगी बोटांनी मोजायला ठेवा.

प्रतिसाद (विशेष शिक्षक, बीड):
टीसी नाही म्हणून प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. शिक्षणहक्क कायदा, 2009 मध्ये तसं स्पष्ट आहे, आणि वयानुरूप वर्गातच बसवायचं असतं. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण आहे, जवळची शाळा की विशेष शाळा ही निवड कुटुंबाची. दाखल्याचं म्हणाल तर 2017 च्या नियमांत दोन वाटा दिल्यात: राहण्याचा जिल्हा, किंवा जिथं उपचार चालू आहेत ते सरकारी रुग्णालय. म्हणून आधी घाटीत (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात) कान-नाक-घशाचा केसपेपर काढा, तपासणी तिथंच करून घ्या आणि त्याच कागदावर अर्ज करा. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष तज्ज्ञ असतात, त्यांनाही भेटा.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. केसपेपरला सोमवारी जातो, तिच्या आईलाही सोबत नेते. लपाछपीसाठी पोरांनीच तोडगा काढलाय: डाव मोडला की ओढणी हलवत सगळ्या लपायच्या जागा फिरून यायच्या. जालन्याच्या ताई, नऊ-दहा वर्षांच्या पोरांना पहिल्या आठवड्यात कोणत्या खुणा शिकवाव्यात, तेवढं सांगाल का? पंधराएक पोरं तयार आहेत.