खुंटी आणि कुसू
‘लाकडी खुंटीचा सांधा खिळ्यापेक्षा कच्चा’ असं काही जण म्हणतात, ते मला काही पटलं नाही. आमच्या गुहागरकडच्या घरात पडवीच्या तुळईतला लोखंडी खिळा खाऱ्या हवेनं फुगला, भोवतीचं लाकूड काळं पडून भुसभुशीत झालं. शेजारची खुंटी तशीच आहे.

अर्थात ताकद एकट्या खुंटीची नव्हे. वजन पेलतं ते कुसू, म्हणजे तुळईच्या टोकाला कोरलेली, खांबाच्या खाचेत बसणारी जीभ. खुंटी त्याला बाहेर सरकू देत नाही, एवढंच. आमचे सुतारकाका खुंटीसाठीचं कुसवातलं भोक खांबातल्या भोकाशी सरळ जुळवत नसत. अर्धं सूत, म्हणजे दीडेक मिलिमीटर, खांद्याकडे (कुसू जिथून सुरू होतं त्या कडेकडे) सरकवून पाडत. निमुळती खुंटी ठोकली की ती किंचित वाकत शिरते आणि सांधा गच्च ओढून घेते.

खुंटी करवतीनं कापू नका, लाकडाच्या रेषेवर, म्हणजे तंतूंच्या दिशेनं, फोडून घ्या. कापलेलीत रेषा तिरकी सुटली की तिथेच मोडते. आणि ती वाळलेलीच हवी. ओली ठोकलीत तर शिमग्यापर्यंत आकसून बोटानं निघेल (आमच्याकडे निघालीय!). भोक कुसवाच्या टोकाजवळ घेतलंत, तर मात्र खुंटी शाबूत राहते आणि कुसूच फाटतं.

बाजारातलं तयार डॉवेल (गोल लाकडी खुंटी) फर्निचरला ठीक, पण तिथे बराचसा भरवसा गोंदावर असतो.