वनमंजुरीचा अर्ज अलाइनमेंट (रस्त्याची मार्गरेषा) पक्की होण्याआधी टाकावा का?

प्रश्न: रस्त्याच्या चौपदरीकरणाचा डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) चालू आहे, ४ किमी वनजमीन लागते. वनमंजुरीच्या परिवेश या सरकारी पोर्टलवर आत्ताच अर्ज टाकू का?

घाटरस्ता: घाई नको. केएमएल (जागेच्या हद्दीची नकाशा-फाइल) चढवली की हद्द तिथेच अडकली. आधी प्रोफाइल (रस्त्याची उंची कुठे किती) पक्की करा. प्राण्यांच्या अंडरपाससाठी (रस्त्याखालून जायची वाट) भराव २ मीटरने उचलला तर १:२ उतारावर (१ उभा, २ आडवा) भरावाचा पायथा दोन्ही बाजूंना ४-४ मीटर सरकतो, म्हणजे किलोमीटरमागे ०.८ हेक्टर जादा जमीन. मग सुधारित प्रस्ताव, झाडांची पुन्हा मोजणी.

सागवान: अंडरपासच्या जागा वन्यजीव तज्ज्ञांकडून आधीच घ्या. पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ एनएच ४४ (राष्ट्रीय महामार्ग) वर एक तर ७५० मीटरचा आहे. असलं काही शेवटी घुसवता येत नाही.

प्रश्नकर्ता: सर्व्हिस रोड?

घाटरस्ता: त्याच हद्दीत दाखवा, युटिलिटीसकट (वीज, पाणी वगैरेंच्या लाइन). हेच हमखास राहतं.