मदत हवी आहे: एचसीओ+ ला दोन शिखरं, वायू कोसळतोय की दोन ढग?

रोहिणी_न: सोमवारी गाईडना उत्तर द्यायचंय. एका क्लम्पच्या (तारे जन्मतात तशा दाट वायूच्या गोळ्याच्या) स्पेक्ट्रममध्ये दोन शिखरं आहेत, डावीकडचं उंच. वायू आत कोसळतोय असं लिहू का? तीन दिवस इथेच अडकलेय.

ध्रुवमत्स्य: एचसीओ+ ची रेषा कुठली? दुर्बीण कुठली?

रोहिणी_न: सॉरी. एचसीओ+ रेणूची १-० रेषा, ८९.१९ गिगाहर्ट्झ. ऑस्ट्रेलियातल्या मॉप्रा दुर्बिणीच्या माल्ट९० सर्वेक्षणाचा डेटा. शिखरं ३५.२ आणि ३७.४ किमी/से, दरी ३६.४ ला. स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या ८ मायक्रॉनच्या इन्फ्रारेड चित्रात तिथे काळा डाग आहे, म्हणजे दाट वायू-धूळ.

अमोनियाप्रेमी: आधी तापमान काढा. अमोनियाच्या (१,१) आणि (२,२) रेषा, २३.७ गिगाहर्ट्झजवळ. मी चार वर्षं हेच केलं, त्याशिवाय पुढे जाऊच नये.

रोहिणी_न: तापमान नकोय हो, वेग हवाय.

खोडदकर: आपल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीवर वेळ मागा की! नारायणगावपासून जवळच आहे, राहायची सोयही चांगली.

ध्रुवमत्स्य: जीएमआरटी साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंतच ऐकते. ही रेषा ८९ गिगाहर्ट्झची आहे.
रोहिणी, ऑप्टिकली थिन रेषा (जिचा प्रकाश वाटेत न गिळला जाता आरपार येतो) बघितलीस का? कोसळताना आपल्या बाजूचा थंड वायू आपल्यापासून दूर, केंद्राकडे जातो आणि लाल (जास्त वेगाची) बाजू गिळतो, म्हणून निळं (कमी वेगाचं) शिखर उंच राहतं. तसं असेल तर थिन रेषेचं एकच शिखर बरोबर दरीत येईल. दोन ढग असतील तर तिलाही दोन शिखरं येतील.

रोहिणी_न: एच१३सीओ+ ची थिन रेषा नॉइझमध्ये बुडालीय. एन२एच+ या दुसऱ्या रेणूत तर तीन शिखरं आहेत, २८.३ ला एक छोटं. तिसरा ढग?

ध्रुवमत्स्य: नाही! ती हायपरफाइन रचना, म्हणजे एकाच रेषेचे जवळजवळचे फाटे. ते छोटं शिखर म्हणजे ९३.१७६ गिगाहर्ट्झचा सुटा घटक, मुख्य गटापेक्षा ८ किमी/से कमी वेगावर दिसतो. तो बहुधा थिन असतो, म्हणून त्याचीच रेस्ट फ्रिक्वेन्सी (वायू स्थिर असतानाची वारंवारता) टाकून बघ.

अमोनियाप्रेमी: अमोनियातही हायपरफाइन असतं, तेही सांगा.

विवर: ऑफ पोझिशन (वजा करायला घेतलेली शेजारची रिकामी जागा) तपासलीत का? तिथे वायू असेल तर वजाबाकीत खोटी दरी पडते. शिवाय मॉप्राचा बीम (एका वेळी दिसणारा आकाशाचा ठिपका) ३८ आर्कसेकंद. ४ किलोपार्सेकवर तो पाऊण पार्सेक (सुमारे अडीच प्रकाशवर्षं) झाला, त्यात एकेक तारा घडवणारे कितीतरी गाभे मावतात. एका ताऱ्याचं कोसळणं म्हणू नका.

ध्रुवमत्स्य: एका ताऱ्याचं कोण म्हणतंय? क्लम्पचं म्हणायला हरकत काय?

रोहिणी_न: टाकलं! सुट्या घटकाला एकच शिखर, ३६.३ वर, अगदी दरीत. ऑफ पोझिशन आज रात्री बघते. अहवालात ‘क्लम्प’ असंच लिहीन.